गोल्डन गेट रूझवेल्टने बांधला का? आणि मंदीतल्या कामांबद्दल इतर प्रश्न

मागच्या अंकात याच सदरात कॉइट टॉवरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेलिग्राफ हिलवरचा हा मनोरा. त्याच्या आतल्या भिंतींवर 1934 मध्ये, ऐन मंदीत, केंद्र सरकारने बेकार चित्रकारांना पगारावर ठेवून चित्रं काढून घेतली, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की स्लॅबची गळती आणि भिंतीच्या भेगा विचारणाऱ्यांनी या महिन्यापुरती कळ काढावी. तोवर खाली बादली ठेवा.

नव्या वाचकांसाठी ओळख: माझी उभी हयात सरकारी बांधकाम खात्यात गेली. 1972 च्या दुष्काळात, नोकरी नवी असताना, पाझर तलावांवर मस्टर घेऊन उभा असायचो. आता मुलीकडे ओकलंडला असतो.

प्रश्न : टूरबरोबर आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो. गाईडने सांगितलं की गोल्डन गेट ब्रिज रूझवेल्टच्या बेकारी हटाव योजनेतून झाला. तुम्ही तर त्याचं नावही घेतलं नाहीत. — वि. दे., ठाणे

उत्तर : तो त्यातला नाही म्हणून घेतलं नाही. साधा तारखांचा हिशेब बघा. पुलाचं काम 5 जानेवारी 1933 ला सुरू झालं आणि रूझवेल्ट यांनी शपथ घेतली 4 मार्चला. पैशाची सोय तर त्याच्याही आधीची. आसपासच्या काउंट्यांनी मिळून पुलासाठी एक स्वतंत्र जिल्हा केला होता. नोव्हेंबर 1930 मध्ये तिथल्या मतदारांनी आपली घरं, शेतं, दुकानं तारण ठेवून साडेतीन कोटी डॉलरचे रोखे काढायला मंजुरी दिली. मंदीत ते रोखे कोणी घेईना, तेव्हा बँक ऑफ अमेरिकेचे जियानिनी पुढे आले. म्हणजे हे काम लोकांचं आणि एका बँकवाल्याचं.

गाईडची गल्लत होते ती शेजारच्या बे ब्रिजमुळे. त्याला केंद्राचा पैसा लागला, पण तोही रूझवेल्ट यांनी काढलेल्या खात्याचा नव्हे. 1932 मध्ये, रूझवेल्ट यांच्या आधीचे अध्यक्ष हूवर यांच्या कारकिर्दीत निघालेल्या वित्त महामंडळाने त्या पुलाचे रोखे घेतले आणि परतफेड टोलमधून ठरली. हूवर स्वतः खाणीतले इंजिनिअर, स्टॅनफर्डचे. मंदीचं सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं, आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण हा पूल त्यांच्या नावावर मांडायला हवा. साधारण 7 कोटी 70 लाख डॉलरचं काम, 12 नोव्हेंबर 1936 ला वाहतुकीला खुलं झालं, गोल्डन गेटच्या सहा महिने आधी. पूर्वेकडचा अर्धा भाग 2013 मध्ये नवा बांधला. पश्चिमेकडचा भाग आणि येर्बा ब्वेना बेटातला बोगदा मूळचाच आहे. मला विचाराल तर दोहोंत अवघड काम याचं होतं. फोटो मात्र त्या लाल पुलाचे निघतात.

प्रश्न : सीडब्ल्यूए, पीडब्ल्यूए, डब्ल्यूपीए अशी एकसारखी नावं वाचून डोकं गरगरतं. यांत फरक काय? आणि हे म्हणजे आपली रोजगार हमीच ना? — एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : गुरुजी, नावं सोडा. पैसा शेवटी कोणाच्या हातात पडतो, एवढं बघा. सगळं सुटं होतं.

1933 मध्ये अमेरिकेत दर चार कामकऱ्यांतला एक बेकार होता. त्या वर्षी जूनमध्ये निघालं ते पीडब्ल्यूए. खातं रूझवेल्ट यांचे मंत्री इकीज यांच्याकडे. माणूस प्रामाणिक आणि चिकट, प्रत्येक फाईल स्वतः बघणारा. यात शहराने प्रस्ताव द्यायचा, केंद्र आधी 30 आणि पुढे 45 टक्के अनुदान देणार, उरलेलं शहराने उभं करायचं किंवा कर्जाने घ्यायचं. मग टेंडर, मग ठेकेदार. कामं जड: धरणं, बोगदे, शाळा. मी कधी डोंगरापलीकडे जायचो तर काल्डेकॉट बोगद्यातून जातो, तो याच पैशाचा, 1937 चा. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी पुरवणाऱ्या हेच हेची खोऱ्यातल्या ओशॉनेसी धरणाची उंची 1938 पर्यंत वाढवली, तीही यातूनच. पण अशा कामांत पैसा सिमेंट-लोखंडात जातो, आणि ठेकेदार घेणार ते कसबी कामगार. भाकरीच्या रांगेतल्या माणसापर्यंत तो पोचायला वेळ लागतो.

म्हणून त्याच हिवाळ्यात केंद्राचं मदतकार्य बघणाऱ्या हॉपकिन्स यांनी सीडब्ल्यूए काढलं. नोव्हेंबरात सुरू, जानेवारीत 40 लाखांवर माणसं कामावर, मार्चअखेर गाशा गुंडाळला. आणि 1935 मध्ये त्यांचंच डब्ल्यूपीए आलं, ते 1943 पर्यंत चाललं. यात ठेकेदार नाही. मदतीच्या यादीवरचा कुटुंबातला एक कमावता माणूस थेट सरकारी मस्टरवर. पगार प्रदेश आणि कसब बघून महिना 19 ते 94 डॉलर. मजुरी वॉशिंग्टनची, साहित्याचा बराचसा भार काम मागणाऱ्या शहराचा किंवा संस्थेचा.

आता आपली रोहयो. मजुरीवर भर, थेट मस्टर, कामं सार्वजनिक, इथपर्यंत साम्य आहे. आकड्यात तर आपण पुढे होतो. डब्ल्यूपीएवर सर्वांत जास्त माणसं नोव्हेंबर 1938 मध्ये होती, अख्ख्या अमेरिकेत 33 लाखांच्या आसपास. 1973 च्या उन्हाळ्यात एकट्या महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख लोक होते. इथल्या लोकांना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही.

दुसरं म्हणजे, वि. स. पागे यांनी जे मांडलं आणि 1977 च्या कायद्यात आलं, ते अमेरिकेत कधीच आलं नाही. मागेल त्याला काम हा आपल्याकडे हक्क झाला. तिकडे दरवर्षी काँग्रेस जेवढा पैसा देईल तेवढीच माणसं. 1937 मध्ये हात आखडता घेतला तेव्हा लाखो लोक मस्टरवरून कमी झाले. 1939 नंतर तर सलग 18 महिने झाले की सक्तीने नाव काढायचं, असा नियम आला.

पण एका गोष्टीत ते आपल्यापेक्षा शहाणे निघाले. माणसाला जे येतं तेच काम शक्यतो द्यायचे. वादकाला वाजवायला, कारकुनाला नोंदी करायला, शिवणकाम येणाऱ्या बाईला शिवायला. ते कपडे पुन्हा गरजूंनाच वाटायचे. माझ्या मस्टरवर एक शिंपी होता. खडी फोडताना तिसऱ्याच दिवशी अंगठा ठेचून घेतला, त्यावर चिंधी बांधून बसला, आणि मोजमापाला त्याची रास सगळ्यांत लहान भरली. त्याच्या हातात सुई द्यायला आमच्याकडे खर्चाचं कुठलं हेडच नव्हतं. पाटी, कुदळ, घमेलं, बस्स. (रेशनवर तेव्हा अमेरिकेचा मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीला कोणी नावं ठेवली नाहीत असा माणूस मला भेटलेला नाही.)

प्रश्न : सरकारी खर्चाने बेकारांना कामाला लावायचं म्हणजे नुसता टाइमपास. दर्जा काय असणार? तुम्ही खात्यातले, तुम्हाला तर माहीत असणार. — म. पा., नाशिक

उत्तर : खोचक प्रश्न विचारलात, पण प्रश्न जुनाच आहे. फावड्यावर टेकून उभा राहिलेला डब्ल्यूपीएचा कामगार, यावर त्या काळी अमेरिकेत विनोदांचा नुसता पाऊस पडत होता. आणि पहिल्या हिवाळ्यात 40 लाख माणसं दोन महिन्यांत लावली तर काहींच्या हाती फावडं आणि समोर काही नाही असं होणारच. आमच्याकडेही झालं आहे.

पण दर्जा बघायचा तर ॲक्वाटिक पार्कला जा. फिशरमन्स वॉर्फच्या पश्चिमेला, जिथे सगळे आइस्क्रीम खात फिरतात तिथेच पांढरी इमारत आहे, बंदराला लागलेल्या आगबोटीसारखी. गोल खिडक्या, डेकसारखे कठडे, मागे मागे सरकत गेलेले मजले. 1936 ते 1939 मध्ये डब्ल्यूपीएच्या मजुरांनी बांधलेलं हे सार्वजनिक स्नानगृह. वास्तुविशारद विल्यम मूसर. दारावरच्या हिरवट पाटीच्या दगडात सार्जंट जॉन्सन या कृष्णवर्णीय शिल्पकाराने समुद्रातली माणसं आणि मासे कोरले आहेत. मी हात लावून बघितलं. रेषा उथळ आहे पण कुठेही थरथरलेली नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं काढून कड शाबूत आहे. पाटीचा दगड पापुद्रे सुटणारा असतो, छिन्नी जरा चुकली की थर निघतो. हे काम टाइमपास करणाऱ्याचं नाही. आत हिलेर हायलर यांनी बुडालेल्या ॲटलांटिसची दुनिया भिंतभर रंगवली आहे. तीही बघा.

मग मागच्या व्हरांड्यात जा. तिथे जॉन्सन यांचंच फरशीच्या तुकड्यांचं मोझेक आहे, आणि ते अर्धवट आहे. मजूर कमी पडले म्हणून नाही. लोकांसाठी, लोकांच्या पैशाने बांधलेली इमारत शहराने खासगी हॉटेलवाल्यांना भाड्याने दिली. पोहायला येणाऱ्याला जिथे मोकळेपणाने यायचं तिथे टेबलं मांडली गेली. चित्रकार भडकले. हायलर यांनी काम सोडलं, जॉन्सन यांनी मोझेक तसंच टाकलं. पुढे लष्कर आलं, मग 1951 मध्ये सागरी संग्रहालय झालं. आता राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. पाप फिटलं म्हणायचं.

माझा अनुभव तरी असाच आहे. मजूर काम नीट करतो, त्याला मुकादम आणि माल नीट मिळाला तर. घाण होते ती हस्तांतरणानंतर. याच शहराचं आणखी एक उदाहरण देतो. 1938 ते 1940 मध्ये डब्ल्यूपीएच्या लोकांनी पूर्ण सॅन फ्रान्सिस्कोची लाकडी प्रतिकृती केली. एक इंचाला शंभर फूट हे प्रमाण, एकूण आकार 37 फूट बाय 41 फूट. प्रत्येक चौक, प्रत्येक घर कोरलेलं, वर रंग दिलेला. आणि तुकडे सुटे, म्हणजे शहर बदललं की तेवढाच भाग काढून बदलायचा. नियोजन करणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगलं खेळणं कोणी देऊ शकत नाही. सिटी हॉलमध्ये थोडे दिवस मांडली, मग युद्ध आलं, जागा हवी झाली, आणि प्रतिकृती खोक्यांत गेली. दशकानुदशकं खोक्यांत. 2019 मध्ये एकदा तिचे तुकडे धुऊन-पुसून शहरातल्या वाचनालयाच्या शाखांमध्ये मांडले, ज्या वस्तीचा तुकडा त्या वस्तीतल्या शाखेत. लोक आपलं घर शोधत वाकून बघत होते.

म. पा., टाइमपास कोणी केला ते आता तुम्हीच ठरवा.

प्रश्न : काका, पुढच्या महिन्यात सासू-सासरे येताहेत. सासऱ्यांना इतिहासाची आवड, सासूबाईंचे गुडघे दुखतात. एका दिवसात यातलं काय दाखवू? — श्रु., सनीव्हेल

उत्तर : श्रुताई, सकाळी लवकर कॉइट टॉवर. वर गाडी लावायला जागा मिळत नाही, त्या फंदात पडू नका. 39 नंबरची बस दारात सोडते. मनोरा स्वतः सरकारी कामातला नाही बरं का. लिली कॉइट नावाच्या, अग्निशामक दलाचं विलक्षण वेड असलेल्या श्रीमंत बाईने मृत्युपत्रात शहराच्या सुशोभनासाठी पैसे ठेवले होते, त्यातून तो 1933 मध्ये झाला. आतल्या कोऱ्या भिंती सरकारी चित्रयोजनेला मिळाल्या. तळमजल्यावरची चित्रं बघायला तिकीट नाही, पायऱ्या नाहीत. सासूबाई निवांत बघतील. लिफ्टने वर जायचं तर तिकीट.

सासऱ्यांना व्हिक्टर आर्नॉटॉफचं शहराचं चित्र दाखवा आणि काही न सांगता शोधायला लावा. भर रस्त्यात एका माणसाला पिस्तूल दाखवून लुटताहेत आणि गर्दी बाजूने चालली आहे, कोणी वळूनही बघत नाही. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर डाव्यांची मासिकं आहेत. पलीकडे झाकहाइमच्या वाचनालयाच्या चित्रात एक गृहस्थ फळीवरून मार्क्सचं 'भांडवल' काढतोय. हे रंगवत होते तेव्हा खाली धक्क्यावर गोदी कामगारांचा संप पेटला होता. 5 जुलै 1934 ला पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली. वर सरकारी पगारावर लाल चित्रं, खाली संप. अधिकाऱ्यांची पाचावर धारण बसली. उद्घाटन उन्हाळ्यातून ऑक्टोबरवर ढकललं आणि खिडकीवरचा क्लिफर्ड वाइटचा कोयता-हातोडा तेवढा पुसून टाकला. बाकी सगळं राहिलं. एवढ्यावर निभावलं हेच खूप. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कला रॉकफेलर सेंटरमधलं मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेराचं भित्तिचित्र त्यातल्या लेनिनपायी फोडून टाकलं होतं.

दुपारी समुद्रावरची बीच शॅले नावाची इमारत. वर जेवणाची सोय, खाली ल्यूसियँ लाबोद यांची 1936-37 ची चित्रं: शहरातले लोक सुट्टीच्या दिवशी काय करतात ते. जिन्याचा लाकडी कठडा चुकवू नका, त्यात समुद्री प्राणी कोरले आहेत आणि सगळ्यांचे हात लागून लागून ते गुळगुळीत झाले आहेत. लाबोद पुढे युद्धचित्रकार म्हणून निघाले आणि डिसेंबर 1943 मध्ये आसाममध्ये विमान अपघातात गेले, हे सासऱ्यांना आवडेल.

ॲक्वाटिक पार्क वर आलंच आहे. संध्याकाळी वारा बोचतो, सासूबाईंना शाल घ्यायला सांगा.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. ही चित्रं अजिंठ्यासारख्याच पद्धतीची आहेत का? आणि तिथल्या एका शाळेतलं चित्र झाकायचं ठरलं होतं, त्याचं काय झालं? — पुणे

उत्तर : नाही, पद्धत वेगळी. अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग. कॉइट टॉवरमधली बहुतेक चित्रं ओल्या चुन्यावरची. गवंडी सकाळी तेवढाच तुकडा लिंपणार जेवढा चित्रकार दिवसभरात रंगवून संपवेल. नुसत्या पाण्यात खललेला रंग ओल्यावर बसतो, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होत जातो आणि रंग त्यातच अडकतो. बिघडलं तर खरवडून पुन्हा गिलावा. तिरप्या उजेडात नीट बघितलंस तर दिवसादिवसाचे सांधे दिसतात. काही चित्रं याला अपवाद आहेत: लिफ्टजवळची थोडी तैलरंगातली, आणि वरच्या मजल्यावरचं जेन बर्लांडिना यांचं घरगुती जीवनाचं चित्र अंड्याच्या बलकात. मनोऱ्यात ओल शिरून चित्रं खराब झाली होती, दुरुस्त करून 2014 मध्ये पुन्हा खुली केली. म्हणजे गळती तिथेही सुटली नाही.

शाळेची गोष्ट जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलची. तिथे आर्नॉटॉफने 1936 मध्ये डब्ल्यूपीएसाठी वॉशिंग्टनच्या आयुष्यावर 13 चित्रं काढली, सुमारे 1600 चौरस फूट. माणूस अजब. झारच्या घोडदळातला अधिकारी, देश सोडून आला, रिव्हेराच्या हाताखाली शिकला, कम्युनिस्ट झाला, आणि 1963 मध्ये परत सोव्हिएत रशियात गेला. त्याने वॉशिंग्टनचा उदो उदो केला नाही. शेतावर राबणारे गुलाम दाखवले, आणि गोरे वसाहतवाले पश्चिमेला निघालेत ते एका मूळ रहिवाशाच्या प्रेतावरून. हेतू टीकेचा होता. पण त्या जिन्याने रोज वर जाणाऱ्या आदिवासी किंवा कृष्णवर्णीय मुलाला दिसतं ते प्रेत आणि गुलाम. 1960 च्या दशकाच्या अखेरीस मुलांनी आवाज उठवला, तेव्हा ड्युई क्रंप्लर या तरुण कृष्णवर्णीय चित्रकाराकडून उत्तरादाखल चित्रं काढून घेतली. ती 1974 ला पूर्ण झाली. जून 2019 मध्ये शाळा मंडळाने मूळ चित्रांवर रंग फासायचं एकमताने ठरवलं. बोंब झाली तशी ऑगस्टमध्ये चार विरुद्ध तीन मतांनी रंगाऐवजी फळ्यांनी झाकायचं ठरलं. 2021 मध्ये न्यायालयाने ते अडवलं, 2022 मध्ये नव्या मंडळाने ठरावच मागे घेतला. चित्रं आहेत तिथे आहेत. क्रंप्लर स्वतः ती नष्ट करण्याच्या विरोधात उभे राहिले.

माझं मत विचारशील तर भिंत फोडू नये. पण मुलांच्या तक्रारीला ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्या बाजूलाही मी नाही. चार वर्षं रोज त्या प्रेताखालून जाणं आणि तिकीट काढून एकदा बघणं यात फरक आहे.

प्रश्न : आजोबा, माझा मित्र म्हणतो की सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बागेत गटारं थडग्यांच्या दगडांची आहेत. फेकतोय ना? — इयत्ता सातवी, फ्रीमॉन्ट

उत्तर : नाही रे, खरं बोलतोय. ब्वेना व्हिस्टा पार्क. शहराने आपल्या हद्दीतली कबरस्तानं हलवून कोल्मा गावी नेली. ज्या थडग्यांचे दगड न्यायला कोणी वारस आले नाहीत, ते सरकारजमा. डब्ल्यूपीएच्या मजुरांनी ते फोडून बागेतल्या पायवाटांच्या कडेला पाण्याच्या पन्हळी केल्या. पांढरा संगमरवर शोध, बहुतेक अक्षरं खाली आहेत, पण काही तुकडे सुलटे बसले आहेत आणि त्यांवर अर्धी नावं, अर्धे आकडे वाचता येतात. बघायला जा. दगड उकरू नकोस.

प्रश्न : तेव्हा तिथे आपले लोकही होते. त्यांना यातलं काही काम मिळालं का? — नागपूर

उत्तर : फारसा वाव नव्हता. सॅन फ्रान्सिस्को म्हणजे गदर पक्षाचं गाव, पण कॅलिफोर्नियातले बहुतेक हिंदी लोक शेतावर राबणारे पंजाबी. 1923 च्या भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. ती अडचण 1946 च्या कायद्याने सुटली. डब्ल्यूपीएत सुरुवातीला कायदेशीर आलेल्या परदेशी माणसाला घेत, 1937 पासून चाळणी लागली आणि 1939 नंतर बिगरनागरिकांना दार बंद. चिनी लोकांचंही तेच. इथेच जन्मलेल्यांना मात्र घेत. ओकलंडला जन्मलेले डाँग किंगमन जलरंगात शहर रंगवत डब्ल्यूपीएच्या पगारावर होते.

तुम्ही नागपूरचे म्हणून एक धागा देतो. तुमच्याच विदर्भातले, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या उभारणीत होते, पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले. दिएगो रिव्हेराशी त्यांची मैत्री. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराने त्यांनाही रंगवलं आहे. त्याच रिव्हेराच्या हाताखाली आर्नॉटॉफ मेक्सिकोत काम करत होता, आणि कॉइट टॉवरच्या चित्रांचा तांत्रिक समन्वय त्याच्याकडे होता.

प्रश्न : आमच्या घरासमोर फूटपाथच्या काँक्रीटमध्ये 'डब्ल्यूपीए 1940' असा ठसा आहे. झाडाच्या मुळांनी फूटपाथ उचललाय, पालिका तो फोडणार अशी नोटीस आली. ठसा वाचवता येईल का? — बर्कली

उत्तर : येईल, पण कामगार ब्रेकर घेऊन येण्याआधी हलायला हवं. बर्कलीत असे ठसे आहेत तेवढेच आहेत, नवे कोणी मारणार नाही. आजच फोटो काढा, शेजारी टेप धरून, घर क्रमांक दिसेल असा. शहराच्या बांधकाम विभागाला ईमेलने नोटिशीचा क्रमांक घालून कळवा. फोनवर सांगितलेलं साइटवर पोचत नाही, हे मी खात्यातला माणूस म्हणून सांगतो. मागणी नेमकी करा: ठशाचा चौकोन करवतीने वेगळा कापावा, ब्रेकर लावू नये. काप ठशापासून किमान फूटभर लांब आणि मिळाला तर मूळच्या सांध्यातून घ्यायला सांगा. त्या काळच्या फूटपाथमध्ये सळया नसल्या तर उचलताना तुकडा मधोमध मोडतो. म्हणून खालून फळी सरकवून, पट्टे लावून उचलावा. नवीन काँक्रीट ओतताना तो त्याच पातळीला बसवून घ्या. आणि मुळांचा बंदोबस्त आधी करायला लावा, नाहीतर पाच-सात वर्षांत तोच चौकोन पुन्हा वर येईल.